मसाल्याच्या डब्यातले सात जेट

नानांना खुर्ची दिली की ते तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे आणि बोलता बोलता ती खुर्चीच पुढे-मागे करत राहायचे. माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या दोन खुर्च्या त्यांनी अशाच खिळखिळ्या केल्या. मी ओरडायची, "नाना, बसा तरी, नाहीतर तिला सोडा तरी!" ते बहिणीला म्हणावं तसं मला बेन म्हणत आपल्या अहिराणीत सांगायचे, "बेन, माले बठता येस नही. तू लिख." मग मी निमूट त्यांचं पत्र लिहायला घ्यायची. दुसरं करणार काय? त्यांच्याशी वाद घालायचा तर तो दुकानाच्या तीन पायऱ्या चढता-उतरताच घालावा लागे, आणि माझे गुडघे काही तेवढे चांगले नाहीत.

तापीकाठच्या आमच्या गुजराती शहरात, लिंबायतमध्ये माझं दुकान आणि समोर त्यांचं गॅरेज. मी झेरॉक्स काढायची, टायपिंग करायची, लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, लोकांचे फॉर्म भरायची. नाना मोटरसायकली दुरुस्त करायचे, पण ते सांगायला. खरा जीव होता तो शर्यतीत. भेस्तानच्या पुढं एका उजाड मैदानावर मातीचे उंचवटे, खड्डे आणि वळणं करून मोटरसायकलींच्या शर्यती होतात. त्या शर्यतीत आसपासच्या गॅरेजवाल्यांच्या आणि हौशी लोकांच्या सात टीम असायच्या, त्यातली एक नानांची. टीम म्हणजे काय, तर एक गाडी, एक रायडर, एक भाड्याचा टेम्पो आणि नानांचं डोकं.

त्या डोक्याचं काय सांगू! वाक्य अर्धं टाकून निघून जायची त्यांना खोड होती. संध्याकाळी बोलता बोलता समोरून एखादी गाडी खडखडत गेली की नाना तिच्यामागे धावले म्हणून समजा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करते न करते तोच पायरीवर उभे राहून म्हणायचे, "...म्हणून मी त्याला सांगितलं, तुझं काम तू कर." कोणाला सांगितलं, कशाचं काम, काही पत्ता नाही. कालच्या वाक्याची शेपटी असायची ती. मी रात्रभर त्या वाक्यापाशी थांबून राहिलेली आहे असंच ते धरून चालायचे.

स्वतःच्या मुलीच्या लग्नात वरमाला घालायची वेळ झाली आणि नाना गायब! शोधाशोध झाली. नाना सापडले नवरदेवाच्या गाडीच्या बॉनेटखाली, नव्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या. गाडी येताना दोनदा अडखळलेली त्यांनी ऐकली होती. "मनी पोर यामा बसीसन जाई," ते म्हणाले, "आणि मी अक्षता टाकत बसू?" नानी त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढचे आठ दिवसही बोलल्या नाहीत असं ऐकलं.

गॅरेजमध्ये एक शब्द बोलायला बंदी होती. नशीब. रायडर हरून आला आणि "आज नशीब नव्हतं नाना" म्हणाला की त्याला तिथल्या तिथं कार्बोरेटर खोलून रॉकेलमध्ये धुवायला लावायचे. "शोध. कुठं अडकलंय तुझं नशीब, दाखव मला." पोरगं बिचारं हात काळे करून बसायचं. पण खरं सांगते, बहुतेक वेळा कचरा निघायचाच.

संघटनेला पत्रं लिहिणं हा त्यांचा दुसरा नाद. शर्यती भरवणारी, नियम करणारी, लायसन देणारी एक संघटना होती. तिचं ऑफिस तापीच्या पलीकडे, काचेच्या दाराचं. नाना महिन्याला एक पत्र पाठवायचे. मातीवर पाणी मारत नाही, धुळीत रायडरला समोरचं दिसत नाही. वळणावर झेंडा दाखवणारा माणूस मोबाईल बघतो. ते अहिराणीत बोलायचे, मी हिंदीत उतरवायची, आणि मधले शिव्यांचे शब्द गाळायची. उत्तर कधी आलं नाही. मग स्मरणपत्र. मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, तिथं कोणी वाचत नाही हो!" ते म्हणाले, "तू तं वाचस ना." कप्पाळ! मी पुढचा कागद ओढला.

आणि मग दीपकचा पाय गेला.

दीपक नानांचा रायडर. आई लूमवर कांड्या भरायची, हा दिवसा साड्यांची पार्सलं उचलायचा आणि सुटीला गाडी उडवायचा. बाविशीतला पोरगा, हसला की सगळे दात दिसायचे. शर्यत रविवारी, सराव शनिवारी. शनिवारच्या सरावात मोठ्या उंचवट्यावरून उतरताना घसरला आणि गाडी पायावर आली. रक्त थांबेना. मैदानावर अॅम्ब्युलन्स नव्हती, कारण अॅम्ब्युलन्स फक्त रविवारी असायची. नानांनी त्याला साड्यांच्या टेम्पोत गठ्ठ्यांवर घातलं आणि निघाले. शनिवारची संध्याकाळ, कारखाने सुटायची वेळ, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. टेम्पोला कोण वाट देतो? हॉस्पिटलात पोचले तेव्हा फार उशीर झाला होता. लवकर आणला असता तर पाय राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य नानांनी मला सांगितलं ते पूर्ण सांगितलं. अर्धं टाकून गेले नाहीत.

त्या वेळचं पत्र मी एक शब्दही न गाळता लिहिलं. मागणी एकच होती, सरावाच्या दिवशीही मैदानावर डॉक्टरसकट अॅम्ब्युलन्स हवी. आणि नवल म्हणजे, या पत्राला उत्तर आलं. दोन ओळींचं. सराव हा स्पर्धेचा भाग नसल्यामुळे संघटनेवर त्याची जबाबदारी येत नाही. मी ते वाचून दाखवलं. नानांनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला, पाठीमागे कोरं होतं. म्हणाले, "एकट्याचं पत्र शे ना, म्हणून दोन ओळी. सात जणांनी लिहिलं तर?"

मला हसूच आलं. ते सात जण! दुसरा दहा फुटांवर दिसला तरी आपल्या गाडीवर कापड टाकणारे लोक. त्यातही कामरेजचे काका आणि नाना यांचं तर बोलणंच बंद. काका म्हणजे ऊसवाले शेतकरी, हौशी माणूस, त्यांची टीम सगळ्यांत तगडी. मागे एकदा नानांची गाडी जिंकली तेव्हा काकांनी तक्रार केली आणि नानांचं इंजिन भर मैदानात सगळ्यांसमोर उघडायला लावलं. आत काही गैर निघालं नाही. पण मेकॅनिकचं इंजिन चारचौघांत उघडणं म्हणजे काय, ते नानांचा चेहरा बघून मला कळलं होतं. तेव्हापासून कामरेजचं नाव काढलं की ते थुंकायचे.

आणि तेच नाना म्हणाले, "चल बेन, कामरेज."

"मी कशाला?"

"कागद तुन्ह्याकडे शे. आणि मी भांडायला लागलो तर तू बोल."

गेलो. काका अंगणात खाटल्यावर बसले होते. उठून उभे राहिले. "आवो, आवो. बेसो ने." नाना बसतील तर शपथ. काकांनी ताक मागवलं. नाना खाटल्याभोवती एक चक्कर मारून आले आणि एकदम म्हणाले, "काका, तुमच्या रायडरला पाय किती?"

काका चपापले. "बे ज होय ने. केम?"

"माझ्याला एक आहे."

ताक आलं. काकांनी ते नानांच्या हातात स्वतः दिलं, आणि नानांनी ते उभ्या उभ्या एका दमात संपवलं. मी कागद पुढे केला. काकांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि सही केली. येताना नाना इतकी जोरात स्कूटर चालवत होते की मी डोळे मिटून घेतले.

बाकीचे पाच मग आले. ठरलं असं की पुढच्या शनिवारी सगळ्यांनी मैदानावर जायचं, पण अॅम्ब्युलन्स लेखी मिळेपर्यंत एकही गाडी टेम्पोतून खाली उतरवायची नाही. पण ठरवून काय होतं? माझ्याच दुकानात सात जण उभे, आणि प्रत्येकाच्या मनात एकच, बाकीचे गाडी उतरवणार आणि मी मूर्ख ठरणार. शब्दावर कोणाचाच भरवसा नव्हता. देवाची शपथ घ्या म्हटलं तर एक जण म्हणाला, देव बघायला मैदानावर थोडाच येतो.

तोडगा नानांनीच काढला. कार्बोरेटरमध्ये जेट असतो, मटारच्या दाण्याएवढी पितळी कांडी, मधे बारीक भोक. त्या भोकातून पेट्रोल किती जायचं यावर गाडीची सगळी ताकद. बाजारात नवा मिळतो, पण महिना महिना भोकात बारीक सुई फिरवून ज्यावर गाडी सुरात आणलेली असते, तो नाही मिळत. नाना म्हणाले, प्रत्येकानं आपला जेट काढून बेनकडे ठेवायचा. जेट नाही तर गाडी नाही. संपला प्रश्न.

"माझ्याकडे?" मी म्हटलं. "मला काय कळतं त्यातलं?"

"म्हणूनच," काका म्हणाले.

सातही जण माझ्याकडे बघत होते. मला दुसरं काही सुचलं नाही. घरी गेले, मसाल्याचा डबा आणला. त्यात बरोब्बर सात वाट्या. हळद, तिखट, मोहरी सगळं कागदाच्या पुड्यांत बांधलं, वाट्या धुतल्या, आणि एकेकानं येऊन आपला जेट एकेका वाटीत ठेवला. कापडात गुंडाळून आणले होते, मंगळसूत्र गहाण ठेवायला आणावं तसे. डबा मी काउंटरच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. घरी सासूबाई आठवडाभर विचारत होत्या, डबा कुठं गेला म्हणून. मी सांगितलं, शर्यतीला गेला.

मधल्या आठवड्यात संघटनेच्या सेक्रेटरीसाहेबांनी प्रत्येकाला वेगवेगळा फोन केला. प्रत्येकाला एकच सांगितलं, बाकी सब आ रहे हैं, तुम अकेले रह जाओगे. हे मला सातही जणांनी येऊन सांगितलं. मी वाट बघत होते, आता कोणीतरी डबा मागायला येईल. भांडायची तयारी करून ठेवली होती. पण कोणीच आलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी मला बरं वाटायच्या ऐवजी कसंतरीच व्हायला लागलं. सात माणसं आणि एकालाही मोह होऊ नये? नानांना बोलावलं.

त्यांनी डबा उघडला. एकेक जेट उचलून उजेडाकडे धरला, डोळा बारीक केला. पहिला ठेवला, दुसरा उचलला, तिसरा. सगळे बघून झाल्यावर असे हसले, असे हसले, की खुर्चीची पाठ त्यांच्या हातातून सुटली.

"भंगार! सगळं भंगार! घासून घासून भोकं फाटेल शेतस. एकानंही खरा दिला नाही बेन!"

मी डोक्याला हात लावला. "आणि तुमचा?"

"मना? मी काय येडा शे का खरा द्यायला?"

रागानं माझे कान गरम झाले. मी त्यांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, दीपक समोर बसलाय गॅरेजमध्ये, त्याच्याकडे बघा आणि मग हसा. त्याच्याच पायासाठी चाललंय सगळं आणि तुम्हीच पहिले लबाड! नानांचं हसू बंद झालं. येरझारा घालायला लागले. तीन पायऱ्या खाली, तीन पायऱ्या वर. मग म्हणाले, "झाकण लाव. कोणाला सांगू नको. प्रत्येकाला वाटतंय, लबाडी आपण एकट्यानंच केली. वाटू दे."

शनिवारी मी दुकान बंद ठेवलं आणि मैदानावर गेले. सात टेम्पो ओळीनं उभे, गाड्या वर दोरीनं बांधलेल्या. ऊन मी म्हणत होतं. बघे शिट्ट्या मारत होते. सेक्रेटरीसाहेब पांढरी टोपी घालून एका टेम्पोपासून दुसऱ्याकडे. "उतारो भाई, क्या तमाशा है?" आणि प्रत्येक जण तेच सांगायचा, "साहेब, जेट नाही. डब्यात आहे." अगदी केविलवाणं तोंड करून! गाडी उतरवली तर ती सुरू होणार, आणि सुरू झाली की सगळ्यांना कळणार, यानं खोटा दिला होता. मला हसावं की रडावं कळेना. नाना तर एका जागी ठरत नव्हते, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, सदरा पाठीला चिकटलेला.

दुपारी काका टेम्पोवर चढले. दोरीला हात घातला. गाठ सैल केली. नाना चालायचे थांबले. काकांनी आमच्याकडे बघितलं नाही. टेम्पोच्या मागच्या बाजूला दीपक कुबडीवर उभा होता, बहुतेक त्याला बघितलं. मग त्यांनी ती दोरी आणखी एक वेढा देऊन करकचून आवळली आणि खाली उतरले.

तासाभरानं सेक्रेटरीसाहेबांनी कागद मागवला आणि मला मजकूर सांगितला. यापुढे सराव आणि शर्यत, दोन्ही दिवस अॅम्ब्युलन्स, डॉक्टरसकट. कबूल. पण खाली एक अट. ज्यानं हा अडथळा उभा केला त्याला मैदानात कायमची बंदी, आणि त्याच्या टीमचं लायसन रद्द. नाव घातलं नव्हतं, पण सगळ्यांनी नानांकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं.

"आ नहीं चाले," काका म्हणाले. "बिलकुल नहीं."

"चालेल," नाना म्हणाले. "बेन, लिख. सात प्रती."

मी पेन ठेवलं. म्हटलं, "मी नाही लिहिणार. हे काय आहे? तुमची टीम जाणार, दुसरा रायडर तयार केलाय तो जाणार, तुम्ही काय करणार मग?" आयुष्यात पहिल्यांदा मला नानांचा इतका राग आला आणि इतकी माया पण आली. तसं एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

"अॅम्ब्युलन्स येणार का नाही?" त्यांनी विचारलं.

"येणार."

"मग लिख व माय."

मी लिहिलं. सात जणांनी सह्या केल्या. नानांची सही सगळ्यात आधी झाली, उभ्यानं, टेम्पोच्या फाळक्यावर कागद ठेवून. बाकीच्यांनी त्यांच्या तोंडाकडे न बघता केल्या. काकांची सही वाकडी आली. मला त्या सहा जणांचा आजही राग आहे. त्यांनी वाईट काही केलं नाही, हे मला कळतं. तरी आहे.

पुढच्या हंगामात शनिवारी भेस्तानला माझ्या बहिणीकडे चालले होते. मैदानाच्या भिंतीबाहेर, चहाच्या लारीजवळ, म्हणजे हातगाडीजवळ, नाना दिसले. आत गाड्यांचा आवाज. दर सरावाला येतात, लारीवाला म्हणाला. आत जात नाहीत, चहाही घेत नाहीत, नुसते हिंडतात. मी म्हटलं, "नाना, घरी चला, ऊन लागेल." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. बोलता बोलता आतले आवाज एकेक करत बंद पडले. सगळे. नाना वळले.

गेट उघडलं आणि अॅम्ब्युलन्स बाहेर आली, सायरन वाजवत. रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, कापडाचे ठेले, सगळं एकमेकांत अडकलेलं. नाना धावले. एवढे म्हातारे, पण काय धावले! रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले, रिक्षावाल्यांना गुजरातीत, टेम्पोवाल्यांना अहिराणीत शिव्या घालत. एका टेम्पोच्या बॉनेटवर त्यांनी दणादण मुठी मारल्या. टेम्पोवाला उतरून भांडायला आला, त्यालाही ढकललं. वाट झाली. अॅम्ब्युलन्स त्यांच्या अंगाला घासून निघून गेली. आत कोण होतं, कोणत्या टीमचं, दिसलं नाही. नानांनी बघितलंही नाही.

अॅम्ब्युलन्स वळणापार गेली तरी ते तसेच उभे. मागून हॉर्न वाजत होते, लोक ओरडत होते. मी जाऊन त्यांचा हात धरला.

"नाना, गेली ती. चला बाजूला."

"बेन, वेळेवर गई ना?"

मी घड्याळ बघितलंच नव्हतं. कधी पडला, किती वेळ गेला, मला काही माहीत नव्हतं.

"हो नाना," मी म्हटलं. "वेळेवर गेली."